खेळ खेळणारे आणि खेळ घडवणारे

केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्या प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा केली. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख कुशल माणसे लागतील, असा त्यामागचा हिशेब. मुंबईतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’कडे हे काम आहे. आकडे भव्य आहेत आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अशी एखादी प्रयोगशाळा तंजावरच्या शाळेत उघडेल, तेव्हा तिथल्या दहावी-अकरावीच्या मुलामुलींना या व्यवसायाविषयी नेमके काय सांगितले जाणार, हा प्रश्न मला त्या आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो.

तंजावर हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. कावेरीच्या खोऱ्यातले हे भातशेतीचे शहर मागासलेले नाही. शहरालगत ‘शास्त्र’सारखे विद्यापीठ आहे, २०२४ मध्ये तिथे छोटे टायडेल पार्कही सुरू झाले. ‘नान मुदल्वन’ या तमिळनाडू सरकारच्या योजनेतून २०२२ पासून विद्यार्थ्यांना करिअरचे मार्गदर्शन मिळते. म्हणजे माहितीची वानवा नाही. घोळ आहे तो शब्दाचा. ‘गेमिंग’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर ऑनलाइन रमी येते, आणि त्यात त्यांची चूक नाही. रमीत पैसे गमावलेल्यांच्या आत्महत्यांमुळेच या राज्याने २०२२ मध्ये कायदा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्‌सला मात्र उत्तेजन दिले. पैज लावणे, स्पर्धेत खेळणे आणि खेळ तयार करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांआधी आईवडिलांना सांगावे लागेल.

तिसऱ्या गोष्टीबद्दल तरी खरे बोलले जाते का? प्रोग्रॅमर, चित्रकार, ध्वनिसंयोजक, कथालेखक, चाचणी घेणारे अशा नोकऱ्यांची यादी मुलांना ऐकवली जाते. भारतातले पुष्कळसे काम परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी तुकड्या-तुकड्याने केलेले असते, हे त्या यादीत नसते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने २०२० साली जाहीर केली, तेव्हा ती कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत घडत होती. २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाला. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातून १९०० जणांना कमी केले. २० लाखांचा आकडा सांगणाऱ्याने हेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हवे.

मग मुलांना परावृत्त करायचे का? मुळीच नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरीही २०२० मध्ये खेळ पूर्ण झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. ‘वेन्बा’ची गोष्ट तंजावरला आणखी जवळची. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई, तिची फाटकी पाककृतींची वही, आणि ती जुळवत इडली करणारा खेळाडू. एवढाच तो खेळ. त्याला २०२४ मध्ये पदार्पणासाठीचा ‘बाफ्टा’ मिळाला. तो बनला टोरोंटोत.

त्याचा कच्चा माल मात्र तमिळ स्वयंपाकघरातला होता, आणि असा माल तंजावरात पावलोपावली आहे. तिथली मान डोलावणारी बाहुली घ्या. बुडाशी जड आणि गोलाकार असणारी दुसरी बाहुली तर कितीही आडवी पाडा, पुन्हा उभी राहते. ती पडद्यावर तशीच उठवायची, तर गुरुत्वमध्य आणि बलाचे गणित प्रोग्रॅममध्ये मांडावे लागते. पदार्थविज्ञानाचा इतका चांगला तास क्वचितच मिळेल. सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, संस्कृत, मराठी हस्तलिखिते आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजी राजांनी याच शहरात देवनागरी छापखाना चालवून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. परके तंत्र आपल्या भाषेत आणण्याची ही तिथली जुनीच रीत. (मराठी वाचकांना याचे अप्रूप वाटेलच.)

‘गोडो’ आणि ‘ब्लेंडर’ ही साधने मोफत आहेत, त्यांना महागडा परवाना लागत नाही. तेव्हा खर्च यंत्रांपेक्षा शिक्षकांवर व्हावा, असे माझे मत आहे. प्रत्येक गटाने वर्षाअखेरीस दहा मिनिटांचा का होईना, एक खेळ तमिळमध्ये पूर्ण करावा आणि तो दुसऱ्या शाळेतल्या मुलांनी खेळून पाहावा. अर्धवट सोडलेले दहा प्रयोग दाखवणाऱ्यापेक्षा पुरा केलेला एक खेळ दाखवणाऱ्याकडे नोकरी देणारा आधी वळतो. पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी किती प्रयोगशाळा उघडल्या याचा तपशील सरकार देईलच. त्यांतून किती खेळ पूर्ण झाले, हे खासदारांनी विचारावे.