दर तासाला दहा मिनिटे

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. त्यांतल्याच एका घरात माझी मावशी राहते. गेल्या खेपेला तिच्याकडे उतरलो, तेव्हा फळीवर एक बंद घड्याळ दिसले. त्याला काटे नव्हते. काळ्या पेटीत आकड्यांची छोटी छोटी पाने होती.

‘‘तुझ्या काकांचं ते,’’ मावशी म्हणाली. ‘‘अमेरिकेहून पुतण्यानं आणलं होतं. पण पहिल्या दिवसापासून मागंच पडायचं. हे म्हणायचे, पोरानं खराब माल गळ्यात मारला. मग पत्रंही कमी झाली दोघांची.’’

काका गेल्याला आता नऊ वर्षे झाली. एका घड्याळापायी दोन माणसांत अंतर पडावे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

वाचकहो, या घड्याळांचा एक जमाना होता. इटलीतल्या सोलारी या कंपनीने १९५०च्या दशकात पाने उलटणारी घड्याळे बाजारात आणली. विमानतळांवर आणि रेल्वे स्थानकांवर फडफडत बदलणारे गाड्यांचे फलक याच कल्पनेवर चालत. पुढे जपानी कारखान्यांनी घरगुती घड्याळे ढिगांनी बनवली. त्यांपैकी काहींत ‘काळा दिवा’ असे. हा दिवा मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश देतो. आकड्यांना खास रंग दिलेला असतो. त्यावर हा प्रकाश पडला की अंधारात फक्त आकडे उजळतात, पेटी दिसतही नाही. झोपमोड न करता वेळ कळते. आज जगभर हौशी मंडळी अशी घड्याळे जुन्या बाजारातून शोधून काढून पुन्हा चालती करतात.

आता काकांच्या घड्याळाचे दुखणे. मी ते उलटे करून पाहिले. मागे लिहिले होते : ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. काका हुशार होते. त्यांनी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला होता, म्हणून घड्याळ जळले नाही. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. या घड्याळाची मोटर विजेच्या लहरींच्या तालावर फिरते. अमेरिकेत सेकंदाला ६० लहरी, आपल्याकडे ५०. म्हणजे आपल्याकडे ते सहा मिनिटांत पाचच मिनिटे पुढे सरकणार. तासाला दहा मिनिटे, दिवसाला चार तास मागे! घड्याळ ठणठणीत होते. ते परक्या तालावर चालले होते, एवढेच. खुद्द जपानातही पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानमंदिर घाटावर गेलो. तिथल्या गच्चीवर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तिथे दगडाची सावली वेळ सांगते. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरते, तो शेजारच्या मिर्झापूरजवळून जातो. त्यामुळे काशीची सूर्याची सरासरी वेळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा जेमतेम दोन मिनिटांनी पुढे असते. मुंबईची मात्र जवळजवळ एकोणचाळीस मिनिटे मागे. म्हणून काय मुंबईचा सूर्य खराब म्हणायचा? घड्याळ कोणत्या ठिकाणासाठी बनले, हे आधी पाहावे लागते.

गल्लीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी बारा दिवसांत ६० हर्ट्झची वीज तयार करणारे छोटे सर्किट जोडून दिले. तुमच्या माळ्यावर असे घड्याळ असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आधी प्लग काढा आणि जुनी वायर कडक होऊन तडकली आहे का, ते पाहा. पाने नेहमी पुढेच फिरवा. उलटी फिरवली तर मोडतात. आकडे थिनरने पुसू नका, छपाई निघून जाते. मऊ कोरडा ब्रश पुरे. खडखड होत असेल, तर मोटरला तेलाचा एखादा थेंब लागतो. भसाभस ओतलेले तेल पानांवर येऊन ती एकमेकांना चिकटतात. काळा दिवा मंद झाला असेल, तर त्याच मापाचा शोधावा लागतो. साधा बल्ब लावला, तर आकडे उजळणार नाहीत. विजेचे काम जमत नसेल, तर जाणकाराकडेच द्या.

रात्री मावशीने खोलीतला दिवा मालवला. आकडे हिरवट उजळले. बरोबर दहाला पान टपकन उलटले. मावशी बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे पोराची काही चूक नव्हती रे.’’

पुतण्या आता सत्तरीच्या पुढे आहे. मावशीने त्याला फोन लावायला सांगितले. तिकडे दुपार होती. ‘‘तुझं घड्याळ चालू झालं बघ,’’ एवढेच ती बोलली आणि फोन घड्याळाजवळ धरला. पान उलटेपर्यंत दोघेही गप्प होते.