गाडीचा जीर्णोद्धार की उत्तरकार्य?

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. एक, "भंगारात घाल." दुसरा, "आतून एकदम नवी करून टाक." पहिला सल्ला देणारा निदान प्रामाणिक असतो. माझा राग आहे तो दुसऱ्यावर, आणि हा राग फुकटचा नाही. त्यासाठी मी रोख पैसे मोजले आहेत.

आमच्याकडे काकांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. पुढे १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी या नावाने विकली गेली. स्टिअरिंगखाली गिअर, पुढच्या सलग सीटवर तिघे, मागे चौघे आणि त्यांच्या मांडीवर आम्ही पोरे, अशी ती म्हार्दोळच्या जत्रेला जायची. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा सीटा उसवल्या होत्या, छताचे कापड लोंबत होते. २०२२ च्या उन्हाळ्यात मी ती शहरातल्या एका सीट कव्हरवाल्याकडे सोडली. आठ दिवसांनी त्याने दार उघडून दाखवले आणि म्हणाला, "पळयात बाब, नवी व्हंकल!"

व्हंकलच होती. तांबडेभडक रेक्झिन, त्याला पांढरी गोट, दारांवर लाकडाच्या रंगाचे प्लास्टिक, खाली जाड कारपेट आणि त्याच्याखाली फेल्ट, सगळे गोंदाने घट्ट चिकटवलेले. जुनी कव्हरे कुठे आहेत म्हणून विचारले, तर म्हणाला, "ती उडयलीं." मीही मान डोलावून पैसे दिले, हे कबूल केले पाहिजे.

मग पाऊस आला. पुढच्या काचेचे रबर जुने, तिथून थेंब थेंब पाणी कारपेटखाली जायचे. फेल्टने ते पिऊन घेतले. जून ते सप्टेंबर गोव्यात धुतलेला रुमाल वाळत नाही, तिथे चिकटवलेला फेल्ट कसला वाळतो! चवथीच्या आधी वास असह्य झाला म्हणून कारपेट उपटले, तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबताच आत गेला. मुळात या गाडीत रबरी मॅट होती. भिजली की काढायची, गडग्यावर टाकायची, पत्रा पुसायचा. दारांचीही तीच कथा. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत जाणारच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडते आणि आतल्या पुठ्ठ्याला लागू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद असतो. आमच्या कारागिराने कागद फेकला आणि भोके गोंदाने बुजवली. दिवाळीपर्यंत पुठ्ठे पापडासारखे फुगले.

तेव्हा ठरवले, आता आपणच करायचे. कचेरीत फायली हलवणारा, बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. पक्कड नीट धरता येत नव्हती. पण काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. मागची सीट उचलून अंगणात आणली, चौकटीवरच्या तारेच्या रिंगा एकेक करून तोडल्या, तांबडे रेक्झिन सोलले, आणि त्याच्याखाली काकांच्या वेळचे फिकट निळे कव्हर जसेच्या तसे! कारागिराने आळसाने जुन्यावरच नवे चढवले होते. त्याच्या कसबाने माझी गाडी बिघडवली, त्याच्या आळसाने वाचवली.

ते कव्हर शिवणीशिवणीने उसवले. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला आणि त्याच मापाने नवे कापले. खाली स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापसाचा थर. सुटलेल्या स्प्रिंगा सुतळीने बांधल्या, काथ्या मार्चच्या उन्हात वाळवला आणि तोच परत घातला. स्वस्त फोम दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, हा काथ्या पन्नास वर्षे टिकला आहे. रेक्झिन दुपारच्या उन्हात पसरून मऊ झाल्यावरच ताणायचे. सकाळच्या गारव्यात ताणले तर दुपारी सुरकुत्या पडतात. हे दोन कव्हरे वाया घालवून शिकलो. छत काढताना आतल्या तारेच्या कमानींना पुढून मागे क्रमांक द्यावेत, कारण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. शिवण मात्र बाहेरून करून घेतली, घरच्या शिलाई मशीनची सुई चार पदरी रेक्झिनमध्ये मोडते. पत्र्याचा तुकडा वेल्डिंगवाल्याने बसवला, त्यावर रेड ऑक्साइड मी मारला. या सगळ्यात दीड वर्षाचे रविवार गेले.

काही शौकीन म्हणतील, मूळ रेक्झिन मिळत नसेल तर हात लावूच नये. हा श्रीमंतांचा युक्तिवाद आहे. त्यांची गाडी गॅरेजमध्ये झाकून असते, माझी पोरांना घेऊन म्हापशाला जाते. जे कुजले ते बदलावेच. पण कुजलेले कोणते आणि नुसते जुने कोणते, हे पाहायला डोळे लागतात, आणि नेमके तेच आपण मिटून घेतो. गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे अशीच गेली. चुन्यावर तांबड्या मातीने काढलेली ती नक्षी कुणाला 'जुनाट' वाटली, वर ऑइलपेंट चढला, नाहीतर टाइल्स बसल्या आणि बाहेर दात्यांच्या नावांचा संगमरवर लागला. त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात.

सरकारची दृष्टीही बाहेरचीच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणला की पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात हवी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नको. फेरबदलात नावे घेतली आहेत ती चासी, बॉडी आणि इंजिनाची. सीटचे आणि छताचे नाव नाही. म्हणजे माझी ती तांबडी व्हंकलही कागदोपत्री 'मूळ रूपात' ठरायला हरकत नव्हती! माणूस गाडीच्या बॉनेटवर बसून प्रवास करत नाही. पन्नास वर्षे ज्या जागेशी त्याचा संबंध आला, ती नेमकी आतली.

आमच्या कचेरीतला एक सहकारी वडिलांची अँबेसेडर पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात नेतो आहे. मी त्याला एवढेच म्हटले, आधी आतले सगळे फोटो काढ आणि जुनी कव्हरे मागून घरी आण. तो म्हणाला, फ्लॅटमध्ये ठेवू कुठे? मी त्याला आमचा माळा देऊ केला आहे.