विश्लेषण : जळगाव-धुळ्यात घरच्या टाकीत प्रवाळ ठेवता येईल का?

निळ्या प्रकाशात डोलणाऱ्या ‘टॉर्च’ किंवा ‘हॅमर’ कोरलचा व्हिडीओ मोबाइलवर येतो. खाली भाव आणि ‘कुरिअरने घरपोच’ असा मजकूर. मत्स्यटाकीचा छंद असलेल्याला मोह होणारच. मात्र पाणी, दिवे, खर्च हे प्रश्न नंतरचे. आधी कायदा पाहायला हवा.

कायदा काय सांगतो?

प्रवाळ दिसतं झुडपासारखं, हाताला लागतं दगडासारखं. पण तो प्राणी आहे. चुनखडीचा सांगाडा बांधणारे सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे.

‘माल परदेशी आहे’ हे विक्रेत्याचं तोंडी उत्तर पुरेसं नाही. दगडी प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांच्या व्यापाराला परवाने लागतात. कायदा किती काटेकोर आहे, हे मुंबईत दिसलं. २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या मोजक्या वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. इकडे समाजमाध्यमांवर मात्र तुकड्यांची विक्री बिनधास्त चालते आणि जोखीम ग्राहकाच्या गळ्यात पडते. वन विभागाने छापे टाकण्याआधी ही माहिती दुकानांपर्यंत पोहोचवायला हवी.

परवाना असला तरी जगेल का?

अनेक दगडी प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच घडलं. टाकीतलं पाणी साधारण २५-२६ अंशांवर ठेवावं लागतं; खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात दिवे आणि पंपाची उष्णता. चिलर लागतोच; पण भरदुपारी वीज गेली की चिलर बंद, पंपही बंद. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू घटतो.

पाण्याचंही तसंच. बोअरचं पाणी खारं लागतं म्हणून ते समुद्राचं होत नाही. आरओ-डीआय यंत्रातून गाळलेल्या पाण्यात खास सागरी मीठ मिसळावं लागतं, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम. प्रवाळ सांगाड्यासाठी कॅल्शियम सतत शोषून घेतं. त्याचं प्रमाण लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावं लागतं. क्षारता घसरली की वाढ थांबते, अचानक बदलली की मांस सांगाड्यापासून सुटू लागतं.

खाऱ्या पाण्याची हौसच असेल, तर हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश हा पर्याय आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. या माशांना प्रवाळ लागत नाही. मडक्याच्या खापरातही ते घर करतात. मासे हॅचरीतलेच असल्याचं बिल मात्र मागून घ्यावं.