दुर्बिणीला उतार किती हवा?



1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्यामुळे लोंढ्यासारख्या रेल्वेच्या गावाला त्याचं कौतुक जरा जास्तच! तेव्हापासून घरातली पोरं विचारतात, ‘‘दादा, रायफलीवर दुर्बीण कुठली लावायची?’’ आणि कुणीतरी ऐकीव सल्ला देतो, ‘‘लांबचा नेम धरायचा तर तिरका माउंट घे. जितका तिरका तितका बरा.’’

आधी एक गोष्ट. स्वप्निलच्या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच. ऑलिंपिकच्या 10 आणि 50 मीटर प्रकारांत ती चालत नाही. बारीक भोकातून नेम धरतात. त्या वाटेने जायचं असेल तर दुर्बीण आणि माउंट, दोन्हींचा खर्च वाचवा. तो पैसा सरावाला लागेल.

दुर्बीण चालते ती एफ-क्लाससारख्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी बिस्लीचं नाव ऐकलं असेल; तिथे 1200 यार्डांपर्यंत नेमबाजी चालते. एवढ्या अंतरात गोळी बरीच खाली येते. .308च्या गोळीला 100 मीटरवर नेम बसवला, तर 1000 मीटरसाठी साधारण 40 मिनिटं वर जावं लागतं. इथलं ‘मिनिट’ म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर. म्हणजे 1000 मीटरवर अकरा मीटरहून जास्त फरक!

आता हिशेब बघा. समजा, दुर्बिणीचा काटा वर-खाली मिळून 60 मिनिटं फिरतो. सपाट माउंटवर 100 मीटरचा नेम साधारण मध्यावर बसतो, म्हणजे वर जायला उरतात 30. लागतात 40. दुर्बीण कितीही महाग असो, काटा मध्येच अडकणार.

20 मिनिटांचा तिरका माउंट मागून किंचित उंच असतो. त्यामुळे दुर्बीण जराशी खाली बघते आणि नेम धरला की नळी वर उचललेली राहते. आता वर जायला 50 मिनिटं, खाली 10. काम झालं. पण ‘जितका तिरका तितका बरा’ म्हणून 40चा घेतला, तर 100 मीटरच्या नेमासाठी काटा 40 खाली न्यावा लागेल आणि खाली आहेत फक्त 30. जवळचा नेमच बसणार नाही!

हा उतार असतो तरी केवढा? 20 मिनिटं म्हणजे सुमारे 172ला 1. आपला कॅसलरॉक ते कुळे घाट 37ला 1, म्हणजे चौपटीहून जास्त चढा. डोळ्यांना माउंट सपाटच वाटतो, म्हणून आकडा वाचूनच घ्यावा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या सवयीने तीन तपासण्या सांगतो. दुर्बिणीचा एकूण फेरा किती, ते क्लिक मोजून बघा. रायफलीच्या पट्टीतच उतार दिलेला नाही ना, ते पाहा; नाहीतर दोन उतारांची बेरीज होते. आणि माउंटचा उतार फेऱ्याच्या निम्म्यापेक्षा कमीच ठेवा. 300 मीटरपलीकडे जायचंच नसेल, तर सपाट माउंट उत्तम.

आणि हो, अशा रायफलीला परवाना लागतो. आधी क्लब, मग परवाना, माउंट सगळ्यात शेवटी!

भेटूया पुढच्या अंकात.