झोपलेला एचआयव्ही जागा झाला म्हणजे बरा झाला का? बातमीमागचं विज्ञान

२०२५ च्या मध्यात ऑस्ट्रेलियातून एक बातमी आली. पेशीत लपून बसलेला एचआयव्ही बाहेर काढण्याची नवी पद्धत मेलबर्नच्या डोहर्टी इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी शोधली होती. आमच्या परतूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत तिचं ‘एड्सवर औषध सापडलं’ असं झालं. खाली एकाने विचारलं, “मग रोजची गोळी बंद केली तर चालेल का?” उत्तर आधीच सांगतो: अजिबात नाही. का नाही, ते समजून घेऊया.

गोळी नेमकं काय करते?

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांवर एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. आता बहुतेकांना टीएलडी ही गोळी देतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं त्यात एकत्र असतात. एचआयव्ही आपल्या सीडी४ पेशीत शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएमध्ये बसवतो. पहिली दोन औषधं ही प्रत बनू देत नाहीत, तिसरं ती आत बसू देत नाही. त्यामुळे नव्या पेशींची लागण थांबते. पण जिथे प्रत आधीच बसली आहे, तिथून ती काढणं गोळीला जमत नाही.

विषाणू झोपतो कसा?

काही सीडी४ पेशी ‘स्मरण पेशी’ बनून वर्षानुवर्षं शांत राहतात. पेशीला धोक्याची चाहूल लागली की सिग्नलची साखळी सुरू होते आणि एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन लढाईची जनुकं चालू करतं. तेच प्रथिन एचआयव्हीचंही बटण दाबतं. पेशी शांत असली की बटण बंद! मग प्रतिकारशक्तीला ती पेशी ओळखू येत नाही. व्हायरल लोडची तपासणी रक्तात फिरणारे विषाणू मोजते, त्यामुळे तिथेही ही पेशी दिसत नाही.

शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, पूर्ण संपायला ७० हून जास्त वर्षं. गोळी थांबवली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू परत येतो, तो इथूनच.

मग जागं करून मारायचं?

कल्पना तीच आहे. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट या कॅन्सरच्या औषधाने रुग्णांमधला सुप्त विषाणू जागा झाला, पण साठा काही घटला नाही. मॅराव्हिरॉक हे एचआयव्हीचंच औषध पेशीवरचं सीसीआर५ हे दार अडवतं. ते एनएफ-कप्पा-बी थोडं चालू करून सुप्त विषाणूही हलवतं, असं काही अभ्यासांत दिसलं. पण सिग्नल जोरात वाजवला तर सगळ्याच पेशी खवळतात, ही खरी अडचण.

मेलबर्नची युक्ती इथे वेगळी आहे. कोविड लसीसारख्याच चरबीच्या सूक्ष्म थेंबातून त्यांनी एमआरएनए शांत पेशीत पोचवला. त्यावरून पेशीत ‘टॅट’ हे विषाणूचंच प्रथिन तयार होतं आणि विषाणू जागा होतो. मोठी गोष्ट आहे, पण प्रयोग झाला तो रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या पेशींवर, प्रयोगशाळेत. जागी झालेली पेशी शरीरात मरेल का, हा प्रश्न अजून बाकीच आहे.

तोवर काय?

गोळी चालूच ठेवायची. ती नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या केंद्रावर सांगावं. तिकडच्या केंद्रावर गोळ्या मिळण्याची सोय होऊ शकते. काही विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि अशी बातमी पुन्हा आली की फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा: प्रयोग माणसांवर झाला की काचेच्या भांड्यात, आणि विषाणू नुसता जागा झाला की त्याची पेशीही मेली.