पांढरं पाणी आणि काढलेल्या पिशव्या

अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या आमच्या बायांना औषधाआधी उपदेश मिळतो, "स्वच्छ राहत जा." आम्ही विचारतो, फडावरच्या कोपीत पाणी कुठून आणायचं?

बीड जिल्ह्याचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. कित्येकींची मूळ तक्रार पांढरं पाणी आणि पोटदुखी एवढीच होती. कॅन्सरची भीती घातली आणि पिशवी काढली. अहो, योनीमार्गातला संसर्ग पिशवी काढून कसा जाईल?

तो परत परत होतो तेव्हा तपासूनच कारण शोधावं लागतं. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास येत असेल तर जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, आणि नेमका तोच दवाखान्याची पायरी चढत नाही! बुरशी वर्षातून तीन-चारदा उलटली तर रक्तातली साखर तपासून घ्या. अशा वेळी डॉक्टर पहिल्या उपचारानंतर सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात. साबणाने आतून धुणं बंद करा, त्याने उपयोगी जंतूही मरतात. "स्वच्छ राहा" ऐकून बाया नेमकं तेच करत बसतात.

जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही सेवा मोफत आहे. पण हंगामभर फडात असलेली बाई तिथे जाणार कधी? एक खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. साखर कारखान्यांनी हंगामात तोडणीच्या तळावरच स्त्री डॉक्टर आणून तपासणी केली पाहिजे, आणि त्या दिवसाची मजुरीही दिली पाहिजे.