रंग नैसर्गिक, पण मालकी कुणाची?

वर्ध्याच्या नैसर्गिक रंगातल्या खादीचे कौतुक आपण ऐकतो. 1938 साली गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाने सेंद्रिय कापूस, हातसूत आणि झाडापानांचे रंग यांचे काम नेटाने चालवले आहे. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठा, नीळ यांपासून रंग होतात. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग मिळतो. रासायनिक रंगांचे पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. आमचा विरोध या कामाला नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे.

'परंपरा जपा' असे म्हटले की आम्ही विचारतो, कुणाची परंपरा? विदर्भात जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महारही मोठ्या संख्येने होते. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. पण खादीच्या गौरवगाथेत हा विणकर कितीदा भेटतो?

आता मुंबईच्या गिरण्या पाहा. तिथे अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला थुंकी लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. आमच्या माणसाने विणलेले कापड गावाला चालत होते. चांगला पगार देणाऱ्या मागावर मात्र तो चालत नव्हता.

म्हणून चरख्यातून मुक्ती येईल, यावर बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस माणसासारखा जगू शकत नाही, हे त्यांनी 1945 साली गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. हातमागाचा तिरस्कार त्यामागे नव्हता. जन्माने गळ्यात बांधलेल्या धंद्याला त्यांचा नकार होता.

हीच लढाई दूर ग्वाटेमालात माया स्त्रिया लढत आहेत. त्यांच्या मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला आणि दुसरे टोक पट्ट्याने कमरेला बांधलेले असते. त्यांची नक्षी कंपन्या फुकट उचलतात आणि विणणारीला तुटपुंजे दाम मिळते. या स्त्रिया संघटित होऊन न्यायालयात गेल्या. आमच्या नक्षीवर आमच्या समूहाचा कायदेशीर हक्क हवा, ही त्यांची मागणी आहे. 'आमची कला वाचवा' असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. 'आमची कला आमची आहे' असे त्या म्हणाल्या.

वर्ध्यातही पुनरुज्जीवनाची कसोटी हीच असावी. सूत कातणाऱ्या आणि रंगाच्या कढईपाशी धुरात उभ्या राहणाऱ्या बाईला किमान वेतन मिळते का? संस्थेच्या कारभारात तिचे मत चालते का? शहरातल्या दुकानात कापड ज्या भावाने विकले जाते, तो तिला ठाऊक असतो का? आणि तिच्या मुलीला हे काम नाकारून इंजिनिअर होण्याची तितकीच मोकळीक आहे का?

तरुण मित्रांनो, हातमाग शिकायचा असेल तर जरूर शिका. पण सहकारी संस्था काढा, हिशोबाची वही आपल्या हातात ठेवा आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या विणकामाचा इतिहास लिहून काढा. निळा रंग आपल्याला प्रिय आहे. तो नुसता अंगावर मिरवून भागणार नाही. तो रंगवणाऱ्या हातांना मालकी मिळाली पाहिजे.

जयभीम!